चिलटांच्या मागे डोंगर पालथे घालणारा माणूस: थिओडोसियस डॉब्झान्स्की

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती बारीक चिलटं घिरट्या घालायला लागतात. दोन-तीन मिलिमीटर लांबी आणि लालसर डोळे. विज्ञानात या चिलटांना ड्रोसोफिला म्हणतात. आंब्याला किंवा कारल्याला लागणारी, शेतकऱ्यांची डोकेदुखी असलेली फळमाशी वेगळी. ही बिचारी आंबलेल्या फळावरचं यीस्ट खाऊन जगते.

दहा चिलटं समोर ठेवली तर तुम्हाला त्यांच्यात काहीच फरक दिसणार नाही. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं दिसला नव्हता. पण एका माणसाने चाळीस वर्षं डोंगर-जंगलांत ही चिलटं पकडली, त्यांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि सिद्ध केलं की बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या माश्या आतून भलत्याच वेगवेगळ्या असतात.

यात एवढं काय मोठं, असं वाटू शकतं. पण या एका शोधामुळे उत्क्रांती नेमकी घडते कशी, हे कळायला लागलं. शुद्ध वंश, आदर्श रक्त वगैरे कल्पनांचा विज्ञानातला आधारही यामुळे निसटला. त्या माणसाचं नाव थिओडोसियस डॉब्झान्स्की.

नवसाचा मुलगा

डॉब्झान्स्की यांचा जन्म २५ जानेवारी १९०० रोजी नेमिरिव्ह या गावात झाला. तेव्हा ते गाव रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. वडील शाळेत गणित शिकवायचे. बरीच वर्षं मूल होत नव्हतं म्हणून आईवडिलांनी संत थिओडोसियस यांच्याकडे प्रार्थना केली होती. मुलगा झाला तेव्हा त्याला त्याच संताचं नाव दिलं. हे एकुलतं एक मूल.

१९१० मध्ये कुटुंब कीव शहरात राहायला आलं. शाळेत असताना त्यांना फुलपाखरं गोळा करायचा नाद लागला. पंधराव्या वर्षाच्या आसपास डार्विनचं पुस्तक हाती पडलं. पुढे फुलपाखरं मागे पडली आणि लेडीबर्ड भुंगेऱ्यांनी त्यांची जागा घेतली. आपल्याकडचे शेतकरी मावा खाणाऱ्या या किड्याला ढालकिडा म्हणतात. पाठीवर काळे-लाल ठिपके असलेला.

या ठिपक्यांनीच त्यांना पहिला प्रश्न दिला. जात एकच, तरी एकाच्या पाठीवर कमी ठिपके, दुसऱ्याच्या जास्त, तिसरा जवळजवळ पूर्ण काळा. शिवाय प्रदेश बदलला की कोणत्या नक्षीचे किडे किती सापडतात, हेही बदलायचं. हा फरक येतो कुठून आणि टिकतो कसा?

त्यांचा पहिला शोधनिबंध १९१८ मध्ये ढालकिड्यांवरच आला. वय अठरा. तेव्हा कीवमध्ये क्रांती आणि यादवी युद्ध चालू होतं. शहर या सैन्याकडून त्या सैन्याकडे कित्येकदा गेलं. त्या धामधुमीत हा मुलगा विद्यापीठात शिकत होता आणि किडे गोळा करत होता.

दोन जगं, एकमेकांशी न बोलणारी

त्या काळात जीवशास्त्रात दोन तंबू होते.

एका तंबूत निसर्गात फिरणारे अभ्यासक. त्यांना जंगलातल्या प्रत्येक किड्याची ओळख, पण आनुवंशिकतेचे नियम म्हणजे प्रयोगशाळेतला खेळ, असं त्यातल्या अनेकांचं मत.

दुसऱ्या तंबूत प्रयोगशाळेतले लोक. त्यांचे पुढारी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले थॉमस हंट मॉर्गन. दुधाच्या बाटल्यांमध्ये हजारो ड्रोसोफिला वाढवून त्यांनी जनुकं गुणसूत्रांवर असतात, हे दाखवून दिलं होतं. १९१० मध्ये त्यांच्या बाटलीत लाल डोळ्यांऐवजी पांढऱ्या डोळ्यांची एक माशी निघाली आणि तिथून आधुनिक आनुवंशिकीची गाडी वेगाने धावायला लागली. जनुकात अचानक होणाऱ्या अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. पण बाटलीतल्या माश्यांचे हे विचित्र नमुने रानात कुठे दिसतात, असा सवाल पहिल्या तंबूतले लोक करायचे.

हे दोन तंबू जोडण्याचं काम आधी रशियात सुरू झालं. १९२२ मध्ये मॉर्गन यांचे शिष्य हर्मन म्युलर मॉस्कोला आले. येताना त्यांनी ड्रोसोफिलाच्या बाटल्या आणल्या होत्या. तिथून या माश्या कीवमध्ये डॉब्झान्स्की यांच्यापर्यंत पोहोचल्या. म्युलर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

मॉस्कोतच सर्गेई चेत्वेरिकोव नावाचे फुलपाखरांचे अभ्यासक होते. त्यांनी १९२६ मध्ये एक मोठा निबंध लिहिला. प्रत्येक प्राण्यात जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, त्यामुळे बिघाड बाहेर दिसत नाही. चेत्वेरिकोव यांचा तर्क असा, की रानातले प्राणी पाण्यातल्या स्पंजासारखे अशी उत्परिवर्तनं पिढ्यान् पिढ्या शोषून घेत असणार. वरून सगळे सारखे, पण आत प्रचंड साठा. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रानातल्या माश्या पकडून त्यांची संतती वाढवली, तेव्हा लपलेले बदल खरंच बाहेर आले.

१९२९ मध्ये चेत्वेरिकोव यांना अटक झाली आणि त्यांना मॉस्कोबाहेर हद्दपार करण्यात आलं. त्यांचा गट फुटला, काम थांबलं.

डॉब्झान्स्की तोवर देशाबाहेर पडले होते.

न्यूयॉर्कची ती खोली

१९२४ मध्ये डॉब्झान्स्की लेनिनग्राडला युरी फिलिपचेंको यांच्या विभागात गेले. त्याच वर्षी त्यांचं नताशा सिव्हर्त्सेवा यांच्याशी लग्न झालं. नताशासुद्धा जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पुढे अमेरिकेत डॉब्झान्स्की यांच्या अनेक मोहिमांमध्ये आणि प्रयोगांमध्ये त्यांनी बरोबरीने काम केलं.

१९२७ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशावर चालणारी एक शिष्यवृत्ती मिळाली आणि २७ डिसेंबरला दोघं न्यूयॉर्कला उतरले. मॉर्गन यांची जगप्रसिद्ध माश्यांची खोली बघायची होती. बघितली तर काय, लहानशी, कोंदट, अस्वच्छ आणि झुरळांनी भरलेली.

याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. मॉर्गन आणि त्यांचे शिष्य गुणसूत्रांचे पहिले नकाशे तयार करत होते, तो हाच काळ. हा संदर्भ पुढे उपयोगी पडेल.

१९२८ मध्ये मॉर्गन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या कॅलटेक संस्थेत गेले आणि डॉब्झान्स्की त्यांच्यासोबत गेले. शिष्यवृत्ती संपल्यावर तिथेच नोकरी मिळाली. रशियातून परत येण्याचा आग्रह होत होता. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनीही त्यांना परत बोलावलं. पण १९३० मध्ये फिलिपचेंको वारले, मित्रांवर संकटं यायला लागली आणि डॉब्झान्स्की गेले नाहीत. मायदेशात त्यांच्यावर पळपुटेपणाचा आणि गद्दारीचा शिक्का बसला. त्यानंतर त्यांनी मायदेश कधीच पाहिला नाही.

'नॉर्मल' माशी असते का?

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत एक शब्द रूढ होता, 'वाइल्ड टाइप'. म्हणजे रानातली प्रमाण माशी. लाल डोळे, सरळ पंख, सगळं व्यवस्थित. यापेक्षा वेगळी निघाली की ती बिघडलेली. थोडक्यात, जातीचं एक आदर्श रूप असतं, त्याची जनुकं उत्तम असतात आणि फरक म्हणजे दोष.

हा विचार फक्त माश्यांपुरता नव्हता. डॉब्झान्स्की अमेरिकेत आले त्याच १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. समाजाला निकृष्ट वाटणाऱ्या लोकांची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा त्या निकालाने वैध ठरवला. १९३३ मध्ये नाझी जर्मनीनेही असा कायदा केला. चांगली जनुकं कोणती आणि वाईट कोणती, हे आपल्याला कळलंय, असं त्यामागे गृहीत धरलेलं होतं.

रानातली माशी खरोखर एकसारखी असते का, हे त्यामुळे साधं कुतूहल उरलं नव्हतं. पण रानात जाऊन बघायचं मनावर कोण घेणार? प्रयोगशाळेतल्या मंडळींना किडे पकडण्याची सवय नव्हती. डॉब्झान्स्की यांना ती लहानपणापासून होती.

केळ्याचा सापळा

१९३० च्या दशकात डॉब्झान्स्की यांनी माशी बदलली. घराघरांत सापडणारी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर माणसाच्या मागोमाग जगभर पसरलेली आहे. त्यांना माणसावर अवलंबून नसलेली माशी हवी होती. ती अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगरांत होती, ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा.

पकडायची पद्धत अगदी साधी. पिकलेलं केळं कुस्करायचं, त्यात यीस्ट घालून आंबवायचं, ते बाटलीत किंवा डब्यात भरून झाडाखाली ठेवायचं. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर माश्या येतात. त्या पकडायच्या, नोंद करायची, गाडीत टाकून प्रयोगशाळेत आणायच्या. कॅलिफोर्निया, मृत्यूची दरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेथ व्हॅली वाळवंटाभोवतालचे डोंगर, मेक्सिको अशी त्यांची भटकंती चालायची. त्यांना घोड्यावर फिरायचीही भारी आवड. या कामातून आलेली 'नैसर्गिक समूहांची आनुवंशिकी' ही लेखमाला १९३८ च्या सुमारास सुरू झाली आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत चालली. चाळीसहून जास्त शोधनिबंध.

आता प्रश्न असा, की डोळ्यांना न दिसणारा फरक मोजायचा कसा?

उलटे जोडलेले डबे

इथे माशीच्या अळीने मदत केली. ड्रोसोफिलाच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रं अवाढव्य जाड असतात आणि त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. १९३३ मध्ये हे पट्टे वाचून गुणसूत्राचा नकाशा करण्याचं तंत्र आलं.

गुणसूत्र म्हणजे रेल्वेगाडी समजा. डब्यांचा क्रम क-ख-ग-घ-च-छ. कधीतरी मधले तीन डबे सुटतात आणि उलटे जोडले जातात. क्रम होतो क-घ-ग-ख-च-छ. डबे तेच, संख्या तीच, पण मांडणी वेगळी. याला व्युत्क्रम म्हणतात. पट्ट्यांचा क्रम बघितला की तो लगेच ओळखू येतो.

डॉब्झान्स्की आणि मॉर्गन यांचे जुने शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी रानातल्या माश्यांचं तिसरं गुणसूत्र तपासलं, तेव्हा एक नव्हे, अनेक मांडण्या सापडल्या. जिथे पहिल्यांदा सापडल्या त्या ठिकाणांवरून बऱ्याच मांडण्यांची नावं ठेवली गेली. ॲरोहेड, पाइक्स पीक, चिरिकाहुआ, आणि एकीचं नाव नुसतंच स्टँडर्ड. कोणती मांडणी कोणत्या मांडणीतून उलटून तयार झाली असेल, हे जुळवून १९३६ मध्ये त्यांनी चक्क वंशावळ मांडली. डीएनए वाचायची सोय येण्याच्या कित्येक दशकं आधी जनुकीय पुराव्यावरून काढलेली ही सुरुवातीची वंशावळ.

पुढे या दोघांची मैत्री तुटली आणि तो दुरावा कायम राहिला.

डार्विनला जोड देणारं पुस्तक

१९३६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने डॉब्झान्स्की यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. त्या व्याख्यानांचं पुस्तक १९३७ मध्ये आलं, 'जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज'. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

या पुस्तकाचं महत्त्व काय? डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला, पण निवड ज्या फरकांमधून होते ते फरक येतात कुठून, हे त्याला माहीत नव्हतं. फिशर, हाल्डेन आणि राइट या तिघांनी त्याचं गणित १९३२ पर्यंत मांडलं होतं. यातले हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. पण हे गणित बहुतेक जीवशास्त्रज्ञांच्या डोक्यावरून जायचं. खुद्द डॉब्झान्स्की राइट यांच्या निबंधाची सुरुवात आणि शेवट वाचायचे आणि मधल्या समीकरणांवर विश्वास ठेवायचे. हे त्यांनी मोकळेपणाने कबूलही केलं होतं.

त्यांनी केलं ते असं, की गणित, प्रयोगशाळेतली आनुवंशिकी आणि रानातल्या प्राण्यांची माहिती एका जागी आणली. उत्क्रांती म्हणजे समूहात जनुकांचं प्रमाण पिढ्यांगणिक बदलत जाणं, अशी मोजता येणारी व्याख्या दिली. एका जातीच्या दोन का होतात, याचंही उत्तर आनुवंशिकीतून शोधलं. त्यांच्या माशीचे दोन गट होते. दिसायला सारखे, पण संकर केला की नर संतती वांझ. पुढे १९४४ मध्ये त्यातल्या एका गटाला त्यांनी आणि कार्ल एप्लिंग यांनी स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं.

ऋतूबरोबर बदलणारी माशी

१९४० मध्ये ते कोलंबियात प्राध्यापक म्हणून गेले, पण उन्हाळा आला की माश्यांसाठी पश्चिमेकडचे डोंगर गाठायचे. तोपर्यंत त्यांना वाटत होतं, की गुणसूत्रांच्या या मांडण्यांना फारसा अर्थ नाही. कुठे एक जास्त, कुठे दुसरी, सगळा योगायोग.

कॅलिफोर्नियातल्या सॅन जॅसिंटो डोंगरातल्या माश्यांनी हा समज मोडला. तिथल्या पिन्योन फ्लॅट्स या ठिकाणी महिन्यामागून महिने माश्या पकडल्या, तेव्हा दिसलं की मार्चपासून जूनपर्यंत स्टँडर्ड मांडणी कमी होत जाते आणि चिरिकाहुआ वाढते. कडक उन्हाळ्यात चक्र उलटं फिरतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे निष्कर्ष १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले.

योगायोग असा दरवर्षी वेळापत्रक पाळत नाही. याचा अर्थ नैसर्गिक निवड काम करत होती, तेही काही महिन्यांत. उत्क्रांती लाखो वर्षं चालते आणि डोळ्यांना दिसत नाही, अशीच तोवरची समजूत. इथे ती कॅलेंडरवर दिसत होती. सिएरा नेवाडा पर्वतातही असंच. पायथ्याला स्टँडर्ड जास्त, उंचावर ॲरोहेड जास्त.

मग त्यांनी हे प्रयोगशाळेत तपासलं. लाकडी पेट्यांमध्ये हजारो माश्या सोडायच्या, खाद्याचे पेले ठरावीक दिवसांनी बदलायचे आणि पिढ्यान् पिढ्या मोजणी करायची. १९४६ मध्ये राइट यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २५ अंश तापमानाला ठेवलेल्या पेट्यांमध्ये सुरुवात कुठूनही केली तरी आकडे साधारण ७० टक्के स्टँडर्ड आणि ३० टक्के चिरिकाहुआ इथे येऊन स्थिरावले. १६.५ अंशांना ठेवलेल्या पेट्यांत मात्र असा बदल झाला नाही.

मुद्दा ७०-३० चा. स्टँडर्ड जर श्रेष्ठ, तर चिरिकाहुआ नामशेष व्हायला हवी होती. झाली नाही, कारण एक प्रत स्टँडर्डची आणि एक चिरिकाहुआची असलेल्या माश्या सगळ्यात तगड्या निघाल्या. त्यामुळे दोन्ही मांडण्या टिकून राहिल्या. फरक टिकणं हेच त्या समूहाच्या फायद्याचं होतं.

सगळी कोडी सुटली नाहीत. पाइक्स पीक ही कॅलिफोर्नियात अगदी दुर्मीळ असलेली मांडणी १९५० च्या दशकात तिथे झपाट्याने वाढली. अशी अचानक वाढ का झाली, याचं खात्रीशीर उत्तर डॉब्झान्स्की यांना मिळालं नाही.

ज्याचा तिरस्कार, त्याचंच भाषांतर

इकडे माश्यांनी भरभरून दिलं, तिकडे मायदेशात आनुवंशिकीचा गळा आवळला जात होता. त्रोफिम लिसेंको या कृषितज्ज्ञाने जनुकं वगैरे थोतांड आहे, असा प्रचार चालवला होता आणि स्टालिन त्याच्या पाठीशी होता. वाविलोव यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये ते सारातोव्हच्या तुरुंगात वारले. डॉब्झान्स्की परतले असते तर त्यांचंही काय झालं असतं, हे सांगायला नको.

त्यांनी यावर जे केलं ते विलक्षण आहे. लिसेंकोचं पुस्तक त्यांनी स्वतः इंग्रजीत भाषांतरित केलं. ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालं. हा माणूस काय म्हणतो हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी स्वतः वाचावं आणि ठरवावं, असा हेतू. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशिकीवर अधिकृत बंदीच आली.

म्युलरशी सामना

आता म्युलर पुन्हा येतात. क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं होतात, हे १९२७ मध्ये दाखवणारे आणि त्यासाठी १९४६ मध्ये नोबेल मिळवणारे म्युलर.

म्युलर यांच्या मते प्रत्येक जनुकाचं एक उत्तम रूप असतं आणि जवळजवळ सगळे प्राणी त्याच रूपाच्या दोन प्रती बाळगतात. उत्परिवर्तनं बहुतेक घातकच, त्यामुळे फरक म्हणजे वाढत जाणारं ओझं. डॉब्झान्स्की यांचं म्हणणं नेमकं उलट. निरोगी समूहात फरक भरपूर असतो आणि त्यातला बराचसा निवडीमुळेच टिकतो. सगळ्या परिस्थितींत श्रेष्ठ असं एक रूप नसतंच.

हा अणुचाचण्यांचा काळ होता. किरणोत्सर्गाने माणसाच्या जनुकांचं किती नुकसान होतं, यावर सरकारं आणि जनता दोघंही घाबरून बोलत होती, त्यामुळे हा वाद प्रयोगशाळेबाहेर पोहोचला. वादात दोघांच्याही बाजूने अर्धं सत्य होतं. म्युलर यांची किरणोत्सर्गाविषयीची भीती खरी ठरली. पण फरक किती, या प्रश्नाचं उत्तर डॉब्झान्स्की यांच्या बाजूने गेलं. १९६६ मध्ये त्यांचेच शिष्य रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॉन हबी यांनी रानातल्या त्याच माशीची प्रथिनं तपासली. एकेका समूहात तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे ३० टक्के जनुकं एकापेक्षा जास्त रूपांत सापडली. एवढा फरक असेल, असं फार थोड्यांना वाटलं होतं.

पण त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. एवढा सगळा फरक निवडच टिकवते, हे गणितात बसेना. १९६८ मध्ये जपानचे मोतू किमुरा यांनी मांडलं, की रेणूंच्या पातळीवरचा बहुतांश फरक ना फायद्याचा ना तोट्याचा असतो. डॉब्झान्स्की यांना हे कधीच पूर्ण पटलं नाही. आज दोन्ही गोष्टी घडतात असं मानलं जातं, आणि कुठे कोणती किती, यावर अजूनही काम चालू आहे.

माशीवरून माणसाकडे

एकाच झाडाखाली पकडलेल्या दोन माश्या जर आतून इतक्या वेगळ्या, तर माणसांचा 'शुद्ध वंश' कसला?

हे डॉब्झान्स्की यांनी ठामपणे मांडलं. १९४६ मध्ये एल. सी. डन यांच्यासोबत त्यांनी आनुवंशिकता, वंश आणि समाज यावर सामान्य वाचकांसाठी छोटं पुस्तक लिहिलं. युनेस्कोने १९५१ मध्ये वंशाविषयी जे निवेदन काढलं, ते घडवण्यात त्यांचा वाटा होता. समूहांमध्ये सरासरी फरक असतात, हे त्यांनी नाकारलं नाही. पण समूहांमधल्या सीमा पुसट असतात आणि एकाच समूहातल्या माणसामाणसांत भरपूर फरक असतो, हे ते सांगत राहिले.

त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच होता. समान असणं आणि सारखं असणं या दोन गोष्टी आहेत. समान हक्क ही नीतीची आणि कायद्याची बाब. त्यासाठी सगळ्यांची जनुकं सारखी असण्याची गरज नाही. उलट माणसं वेगवेगळी आहेत म्हणूनच प्रत्येकाला समान संधी हवी, म्हणजे ज्याची जी कुवत ती फुलेल.

या संदर्भात त्यांनी भारतातल्या जातिव्यवस्थेचाही विचार केला. एकेका व्यवसायाला जन्माने माणसं बांधायची आणि जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही. आनुवंशिकीच्या नजरेतून हा माणसांवर झालेला एक अतिप्रचंड प्रयोग होता आणि तो साफ फसला, असं त्यांचं मत होतं. कित्येक पिढ्यांनंतरही प्रत्येक जातीत सगळ्या प्रकारच्या क्षमतांची माणसं जन्माला येतच राहिली. जात वंशशुद्धी राखते, हा युक्तिवाद डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मोडून काढला होता. ते मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्राच्या वाटेने तिथे पोहोचले, डॉब्झान्स्की माश्यांच्या वाटेने.

'चांगलं जनुक' आणि 'वाईट जनुक' ही विभागणी किती फसवी, याचं उदाहरण विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात दिसतं. सिकलसेलच्या जनुकाच्या दोन प्रती असतील तर गंभीर आजार. एकच असेल तर माणूस सहसा ठणठणीत, शिवाय गंभीर मलेरियापासून संरक्षण. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं, यामागे हेच कारण आहे. १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे पुढे आलं, तेव्हा डॉब्झान्स्की यांच्या पेटीतल्या माश्यांची गोष्ट माणसातही घडते, हे स्पष्ट झालं.

शेवटची वर्षं

१९६२ मध्ये ते रॉकफेलर संस्थेत गेले. १९६८ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६९ मध्ये, नताशा हृदयविकाराने गेल्या. पंचेचाळीस वर्षांची सोबत संपली.

काम मात्र थांबलं नाही. १९७१ मध्ये ते आपले शिष्य फ्रान्सिस्को आयाला यांच्यासोबत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत गेले. १९७३ मध्ये शिक्षकांच्या एका मासिकात त्यांनी लेख लिहिला. उत्क्रांती वगळली तर जीवशास्त्र म्हणजे सुट्या माहितीचा ढीग उरतो, हा त्याचा गाभा. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होते आणि श्रद्धा व उत्क्रांती यांत त्यांना भांडण दिसत नव्हतं. १८ डिसेंबर १९७५ रोजी दवाखान्यात नेताना हृदय बंद पडून त्यांचं निधन झालं. आदल्या दिवसापर्यंत ते कामात होते.

त्यांची पद्धत आजही चालू आहे. अमेरिकेतल्या रॅले शहरात पकडलेल्या माश्यांपासून शास्त्रज्ञांनी सुमारे २०० वेगवेगळे वंश तयार केले आणि त्यांचा संपूर्ण डीएनए वाचला. आयुष्य, झोप, आजाराचा प्रतिकार अशा गोष्टींमागची जनुकं शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा हे वंश वापरतात. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका सफरचंदाच्या बागेतल्या माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वसंतात आणि शरदात पकडलेल्या माश्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा शेकडो ठिकाणी जनुकांचं प्रमाण ऋतूबरोबर वर-खाली होताना दिसलं. सत्तर वर्षांपूर्वी सॅन जॅसिंटोच्या डोंगरात केळं कुस्करून डॉब्झान्स्की यांनी जे एका गुणसूत्रावर पाहिलं होतं, ते आता संपूर्ण डीएनएवर दिसत होतं.